पिल्लाच्या गळ्यातली तारीख

आमच्या इमारतीचं फाटक मी पायाने लावतो. एका हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हातात छत्री, काखेत वर्तमानपत्र, अशा थाटात मी सकाळी साडेनऊला बाहेर पडतो आणि उरलेल्या अवयवांत त्यातल्या त्यात पायच मोकळा असतो. गेली बारा वर्षं ते फाटक खण्णकन लागतं आणि मी कचेरीच्या वाटेला लागतो. त्या सोमवारी मात्र ते खण्णकन लागलंच नाही. मध्ये काहीतरी मऊ आलं, आणि खालून असा आवाज आला की माझ्या हातातली छत्रीच गळून पडली.

कोंबडीचं पिल्लू होतं. अगदी पिवळं गोंडस वगैरे नव्हे. पंखांना पिसं फुटायला लागलेली, मान उघडी, पाय लांब. ना धड पिल्लू ना धड कोंबडी असं ते एक वय असतं, त्या वयातलं. फाटक आणि खांब यांच्या मध्ये त्याची मान सापडली होती. मी फाटक उघडलं तेव्हा ते उठलं, दोन पावलं चाललं आणि मान एका खांद्यावर टाकून गोल गोल फिरायला लागलं. मी हाक मारली. कोणाला मारली ते मला आजही सांगता येणार नाही.

तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंचं मशीन थांबलं. मागच्या अंगणात कोंबड्या त्यांच्याच. त्या गळ्यात मोजपट्टी तशीच ठेवून बाहेर आल्या.

"काय केलंत?"

"फाटक लावलं."

"फाटकाला डोळे नसतात. तुम्हाला तर दिलेत ना देवाने? वर चष्माही दिलाय!"

मी म्हटलं, चूक झाली. त्यांनी पिल्लू उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवलं. "माझ्या अंगावर शाळेच्या शंभर गणवेशांचं काम पडलंय. माझ्याकडून याची सेवा व्हायची नाही. तुम्ही मोडलंत, तुम्ही बघा." आणि आत जाऊन मशीन सुरू केलं. मशीनच्या आवाजात सुद्धा राग असू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

पहिल्या मजल्यावरचे विमावाले तेवढ्यात खाली आले. या गृहस्थांना आयुष्यातल्या प्रत्येक गोष्टीचा शेवट आधी दिसतो; धंद्याचा परिणाम, दुसरं काय! त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "दोन दिवस. फार तर अडीच." मग मिठाच्या पुरचुंडीने शेकायला सांगितलं, शेकू नका असंही सांगितलं, आणि "धीर धरा, नक्कलसाहेब" म्हणून निघून गेले.

नक्कलसाहेब म्हणजे मी. सरकारी कचेरीतल्या नक्कल विभागात मी नक्कलनवीस आहे. लोक हसतात, पण काम जबाबदारीचं आहे. जुन्या नोंदवह्या यंत्राखाली दाबल्या की त्यांचे तुकडे पडतात, म्हणून त्यांच्या नकला हातानेच कराव्या लागतात. आणि नक्कल म्हणजे मूळ बरहुकूम. मुळात चूक असेल तर नकलेत तीच चूक. मुळात अक्षर तिरकं असेल तर नकलेत तिरकं. आपल्या मनाने सुधारणा करणारा नक्कलनवीस फार दिवस टिकत नाही. माझी एकोणीस वर्षांत एकही नक्कल परत आलेली नाही, हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगतो.

तर मी अर्धी रजा टाकली. कारणाच्या रकान्यात "घरी आजारपण" लिहिलं. मोठ्या साहेबांनी फोनवर काळजीने विचारलं, "कोण आजारी आहे?" मला खोटं बोलता येत नाही. मी सांगितलं, आणि पलीकडून अख्ख्या विभागाचं हसणं ऐकू आलं.

जनावरांच्या दवाखान्यात आणखी शोभा झाली. खिडकीतल्या बाईंनी अर्ज पुढे सरकवला. त्यात 'जनावराचा प्रकार' म्हणून 'मोठे' आणि 'लहान' अशा दोन चौकटी होत्या, आणि खाली 'कोंबड्या असल्यास संख्या, किमान पन्नास'. मी 'एक' लिहिलं.

"बाकीच्या एकोणपन्नास कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

"एकच आहे."

"एकीसाठी नोंद होत नाही. कोंबड्यांची साथ असते. एका पिल्लाची साथ येते का?"

"साथ नाही हो. फाटक लागलं."

"मग अपघात. अपघाताला पंचनामा लागतो. फाटक कोणी लावलं?"

मी मान खाली घातली. माझ्या पिशवीतलं पिल्लूही मान खाली घालूनच होतं. बाईंना आमच्या दोघांची एकदम दया आली असावी. त्यांनी 'लहान जनावर' या चौकटीत खूण केली आणि आत सोडलं. डॉक्टरांनी पिल्लाच्या मानेवरून बोट फिरवलं, म्हणाले, हाड मोडलेलं नाही, मुरगळलंय. मान सरळ धरून थेंब थेंब पाणी पाजा, भिजवलेली कणी भरवा, हलू देऊ नका. "जगलं तर जगेल."

घरी आल्यावर मी हे जसंच्या तसं सांगितलं. हिने डब्याची पिशवी आधी धुवायला टाकली, मग पिल्लाला बुटांच्या खोक्यात जुनी ओढणी अंथरून ठेवलं. आणि आतल्या खोलीतून बाबा बाहेर आले.

"जगलं तर जगेल?" बाबा म्हणाले. "हे काय औषध झालं?"

माझे वडील पस्तीस वर्षं मोठ्या इस्पितळात प्लास्टरवाले होते. हाडाचे डॉक्टर बदलले, इमारत बदलली, प्लास्टरच्या खोलीत बाबा तेच. या गावातले निम्मे हातपाय आपल्या हाताखालून गेलेत असं ते म्हणत, आणि रस्त्यात माणूस भेटला की त्याचं नाव विसरत पण मनगट आठवत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. त्यातल्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांचे हात कापायला लागले.

याबद्दल आमच्या घरात कोणी कधी एक शब्द बोललं नव्हतं. बाबा हात खिशात घालून फिरायचे. पासष्टीच्या माणसाने घरात पायजम्याच्या खिशात हात घालून का फिरावं, हे आम्ही विचारलं नाही. हिने त्यांच्या सदऱ्यांची बटणं काढून दाबायची बटणं लावून घेतली, गुपचूप. चहा त्यांना अर्धा कप द्यायची. पूर्ण कप त्यांच्या हातात हिंदकळायचा, बशीत, सदऱ्यावर सांडायचा. अर्धा सांडत नाही. त्यांनी एकदाच विचारलं होतं, "हल्ली चहा कमी का?" ही म्हणाली, "पित्ताला बरा नाही." ते बरं म्हणाले आणि पुन्हा विचारलं नाही. असा आमचा कारभार. ते आमच्यापासून लपवत होते आणि आम्ही त्यांच्यापासून.

त्या दिवशी खिशातून दोन्ही हात बाहेर आले. "सूनबाई, नवा सदरा आणला होता त्यातला पुठ्ठा टाकलास का? नाही ना? आण. कापूस आण. जुनी चादर फाड, पट्ट्या दोन बोटं रुंद."

मग त्यांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. हात कापत होते, चांगलेच कापत होते, कात्री पुठ्ठ्यावर टकटक वाजत होती. पण काम होत होतं. पुठ्ठा पिल्लाच्या मानेएवढा कापला, कडा कापसाने मऊ केल्या, वर पट्टी गुंडाळली. पिल्लू हिच्या हातात निमूट होतं. शेवटी बाबांनी आपल्या जुन्या डबीतून जांभळ्या पेन्सिलीचा तुकडा काढला, टोक जिभेला लावलं आणि पट्ट्यावर लिहिलं: 'लावले ता. ३. काढणे ता. २४.'

प्लास्टरच्या खोलीतली ही त्यांची पद्धत. कागद हरवतात, माणसं विसरतात; तारीख प्लास्टरवरच लिहायची. आणि नियम एकच, तारखेआधी हात लावायचा नाही. पेशंट रडो, त्याची बायको रडो, खाज सुटो, तीन आठवडे म्हणजे तीन आठवडे.

"एक बोट जागा ठेवलीय," बाबा म्हणाले. "बघ." आणि खरंच पट्ट्यात त्यांच्या करंगळीचं टोक बसत होतं. पिल्लाची मान सरळ उभी राहिली. एखाद्या लहान अधिकाऱ्यासारखं ते खोक्यातून आमच्याकडे बघायला लागलं.

दुसऱ्या दिवशीपासून बाबांचा राऊंड सुरू झाला. सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला ते खोक्यापाशी उभे राहायचे, हात लावायचे नाहीत, नुसतं बघायचे. "काल रात्री झोप?" हिला विचारायचे. "झाली." "खाणं?" "कणी दोन चमचे." "शी?" ही तोंडाला पदर लावायची, पण उत्तर द्यायची. अडीच दिवस उलटले तसे विमावाले बघायला आले, पिल्लू जिवंत पाहून थोडे हिरमुसले, मग आपलं कोपर बाबांपुढे केलं. मागे कधी तरी आपटलं होतं म्हणे. बाबांनी दाबून पाहिलं, सल्ला दिला. दुसऱ्या मजल्यावरच्या एक बाई गुडघा घेऊन आल्या. आमच्या दिवाणखान्यात दोन वर्षांत एवढी वर्दळ झाली नव्हती. बाबा मोठ्याने बोलत होते. हात बाहेर होते.

त्याच आठवड्यात इस्पितळातून पत्र आलं. नव्या पोरांना प्लास्टर शिकवायला जुनी माणसं हवी होती, आठवड्यातून दोन सकाळी. इच्छुकांनी स्वहस्ताक्षरात अर्ज करावा, शेवटची तारीख पंचवीस. बाबांनी पत्र चार वेळा वाचलं. एकदा मला वाचायला लावलं, एकदा हिला.

"आज लिहा ना बाबा," मी म्हटलं.

"पिल्लाचं होऊ दे. चोवीसला पट्टा काढतो, मान सरळ बघतो आणि मग लिहितो. शिकवायला जायचं तर आधी आपलं काम आपल्याला दिसायला हवं."

पत्र त्यांनी पेन्सिलीच्या डबीत ठेवलं. आता चोवीस तारखेवर काय काय टांगलेलं आहे, ते माझ्या लक्षात आलं.

सहाव्या दिवशी शिंपीणबाई कणी घेऊन वर आल्या. रागवलेल्या असल्या तरी खाणं त्याच पाठवत होत्या. खोक्यात पाहून म्हणाल्या, "अहो, हे आवळतंय याला."

"बाबांनी एक बोट जागा ठेवलीय."

"तेव्हा ठेवली असेल. हे पोर वाढीला लागलंय की नाही? या वयात आठवड्याला माप बदलतं. मी शाळेचे गणवेश शिवते, मला कळतं."

बाबांचे पेशंट मोठी माणसं. हमाल, गवंडी, म्हाताऱ्या. तीन आठवड्यांत कोणाचंही मनगट वाढत नाही. पस्तीस वर्षांची सवय. वाढणारी मान त्यांच्या हिशेबातच नव्हती. मी करंगळी घालून पाहिली. गेली नाही. पिल्लू कणी गिळताना डोळे मिटत होतं.

मी धीर करून बाबांकडे गेलो. "बाबा, पट्टा जरा घट्ट होत नाही ना?"

बाबांनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. "घट्ट? मी बांधलेला?" मग हसले. "तुझं काम मी बघायला येतो का रे? पेशंटच्या नातेवाइकाला नेहमी घट्टच वाटतं. तारखेआधी हात लावायचा नाही." आणि कापरा हात माझ्या खांद्यावर ठेवून म्हणाले, "घाबरू नकोस. अजून जमतंय मला."

मी बोललो नाही. तिथेच बोललो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं, पण ते सांगणारी जीभ मला नव्हती. ही म्हणाली, "अहो, त्यांना सांगायचं तरी कसं? दोन वर्षांनी हात बाहेर आलेत."

बाबा संध्याकाळी सहा ते सात बागेत जातात. तो तास आमचा. त्या शनिवारी सहा वाजून पाच मिनिटांनी शिंपीणबाई कात्री, पुठ्ठा आणि कापूस घेऊन वर आल्या. विमावाल्यांना गॅलरीत उभं केलं. बाबा फाटकाशी दिसले की खोकायचं. हिने पिल्लू मांडीवर घेतलं. बाईंनी जुना पट्टा उसवला, तसाच नवा, बोटभर मोठा, दहा मिनिटांत तयार केला. पिल्लाने मान हलवली, एक मोठा श्वास घेतला असं मला वाटलं. राहिली तारीख.

"त्यात काय, लिहा," शिंपीणबाई म्हणाल्या.

त्यात काय! मी मूळ पट्टा टेबलावर ठेवला, बाबांच्या डबीतली जांभळी पेन्सिल घेतली, टोक जिभेला लावलं. आधी कोऱ्या कागदावर सराव केला. सरळ 'लावले' लिहिलं आणि लगेच कळलं, हे चालणार नाही. बाबांचा 'ल' डोंगराच्या कडेसारखा दातेरी होता. 'काढणे'तला 'ढ' तीनदा सुरू होऊन थांबला होता. दोन आणि चार यांच्या मध्ये एक जांभळा ठिपका होता, तिथे हाताने झटका घेतला असावा. मी एकोणीस वर्षं मूळ बरहुकूम लिहीत आलोय. मी ठिपका सुद्धा सोडला नाही.

स्थिर हाताने कापरं अक्षर काढणं सोपं नाही. प्रत्येक थरथर कुठे सुरू होते, कुठे थांबते ते बघावं लागतं. 'काढणे' हा एक शब्द उतरवायला मला सात मिनिटं लागली. तेवढ्या वेळात मला प्रथमच कळलं की त्या दिवशी बाबांना तो लिहायला काय करावं लागलं होतं. आम्ही समोरच बसलो होतो. हिने तेव्हा पिल्लू धरलं होतं, मी पट्टी धरली होती, आणि आम्ही दोघं छताकडे बघत होतो, त्यांना आमची नजर बोचू नये म्हणून.

तेवढ्यात विमावाले खोकले. धावपळ! पट्टा बांधला, पिल्लू खोक्यात, शिंपीणबाई मागच्या जिन्याने पसार, कापूस हिच्या पदरात, पेन्सिल माझ्या तोंडात. दोन मिनिटं झाली तरी बाबा येईनात. मी गॅलरीत गेलो. "आलेच नाहीत," विमावाले म्हणाले, "मला खरंच खोकला झालाय." माझी जीभ दुसऱ्या दिवशीपर्यंत जांभळी राहिली आणि कचेरीत त्यावर बरीच चर्चा झाली.

असं आम्ही तीनदा केलं. तीन पट्टे, तीन नकला. तिसरी तर इतकी हुबेहूब साधली की कुठल्याही कचेरीने ती परत पाठवली नसती. मूळ पट्टा मी कपाटात जपून ठेवला, कारण मूळ दस्तऐवज नष्ट करता येत नाही, असा आमचा नियम आहे. सवय वाईट. बाबांचा राऊंड चालूच होता. "बघ, कसं टवटवीत झालंय," ते म्हणायचे. आम्ही हो म्हणायचो.

चोवीस तारखेला संध्याकाळी पाचला आमच्याकडे गर्दी झाली. शिंपीणबाई मशीन बंद करून आल्या. विमावाले आले, गुडघ्याच्या बाई आल्या. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता. इस्पितळातली जुनी कात्री, बोथट टोकाची, त्यांनी फडक्यातून काढली. पत्र आणि कोरा कागद टेबलावर तयार होता.

त्यांनी पिल्लू खोक्यातून काढून मांडीवर घेतलं. ते आता दुप्पट झालं होतं, मांडी भरत होतं. बाबांनी कात्री घालण्याआधी सवयीने पट्ट्यात करंगळी घातली. करंगळीचं टोक बरोबर बसलं. पहिल्या दिवशी बसलं होतं तसंच.

बाबा थांबले. करंगळी काढली, पुन्हा घातली. पिल्लाकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं. विमावाल्यांना खोकला आला.

"मान वाढली," बाबा सावकाश म्हणाले, "आणि पट्टाही वाढला."

शिंपीणबाई मोजपट्टी बोटाला गुंडाळायला लागल्या.

"किती वेळा बदलला?"

"तीनदा, बाबा," मी म्हटलं.

"आवळत होता?"

"हो."

ते मान हलवत राहिले. मला वाटलं, आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पट्ट्यावरच्या तारखेवर अंगठा फिरवला आणि चष्मा वर करून पाहिलं. "पण हे तर मीच लिहिलंय."

मी कपाटातून मूळ पट्टा काढून त्यांच्यासमोर ठेवला. का ठेवला? खरं सांगायची तेवढीच एक रीत मला येते म्हणून. बाबांनी कात्रीने पिल्लाच्या गळ्यातला पट्टा सोडवायला घेतला, पण कात्री पुठ्ठ्यावर टकटक वाजायला लागली. त्यांनी ती तशीच हिच्या पुढे धरली. "तू काप, पोरी." हिने कापला. बाबांनी दोन्ही पट्टे शेजारी शेजारी धरले. जांभळी अक्षरं, तोच दातेरी 'ल', तोच अडखळलेला 'ढ', तोच ठिपका.

"यातलं माझं कुठलं?"

मी बोटाने दाखवलं.

"अक्षर छान आहे तुझं," बाबा म्हणाले. "काही सोडलं नाहीस." मग त्या पट्ट्याकडे बघत म्हणाले, "मी लिहिलं तेव्हा मला वाटलं, पेन्सिल बोथट आहे."

शिंपीणबाईंनी डोळ्यांना मोजपट्टीचं टोक लावलं. पिल्लू इकडे मोकळं झालं होतं आणि त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. ते मांडीवरून उतरलं, जरा चाललं. मान सरळ होती, अगदी सरळ म्हणता येणार नाही, थोडी डावीकडे झुकलेली; कोणाचं तरी बोलणं कान देऊन ऐकत असल्यासारखी. ती तशीच राहिली, अजूनही तशीच आहे. त्याने फरशीवरचा कापसाचा कण टिपला, थुंकला. जगलं होतं. सगळ्यांनी अभिनंदन केलं, बाबांना नमस्कार केला आणि पाच मिनिटांत घर रिकामं झालं.

टेबलावर कोरा कागद होता. मी खुर्ची ओढली. "बाबा, उद्या शेवटची तारीख आहे. तुमची जुनी पत्रं आहेत माझ्याकडे, वीस वर्षांपूर्वीची. त्या अक्षरात मी अर्ज लिहितो. कोणाच्या बापाला कळायचं नाही."

"कळायचं नाही, खरं आहे," बाबा म्हणाले. "मग तिथे गेलो, टेबलावर एखाद्याचा पाय आला. पोरं भोवती उभी. त्या हाताची नक्कल कोण करणार? तू येशील?"

मी खुर्ची मागे सरकवली. एकोणीस वर्षांत माझी नक्कल पहिल्यांदा परत आली होती.

बाबांनी इस्पितळाचं पत्र उघडलं, पुन्हा एकदा वाचलं, हाताने नीट सपाट केलं. मग खोक्यातली मळकी ओढणी बाजूला करून ते खाली अंथरलं आणि पिल्लाला उचलून त्यावर ठेवलं. उचलताना हात कापत होते. पिल्लाला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

"बाबा, चूक आमची झाली," ही म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं. "आधीच सांगायला हवं होतं."

"काय सांगणार होतीस? माझे हात मला माहीत नाहीत होय? मला फक्त वाटत होतं, तुम्हाला दिसत नाहीत." त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले, पसरून. बोटं आपापली हलत होती. पहिल्यांदाच आम्ही त्यांच्याकडे सरळ बघितलं. "दोन वर्षं खिशात घालून फिरलो. खिसे फाटायला आले. कंटाळा आला, खरंच सांगतो."

मग म्हणाले, "चहा टाक. आणि ऐक, माझा कप भरून दे."

"बाबा, पित्त..."

"पित्तबित्त काही नाहीय मला. भरून दे."

हिने माझ्याकडे पाहिलं. तिने कप काठोकाठ भरला आणि त्यांच्यासमोर ठेवला. बाबांनी तो दोन्ही हातांनी उचलला. टेबलावर सांडला, सदऱ्यावर सांडला, कोऱ्या कागदावर सांडला. ही फडकं घेऊन उठायला लागली तर त्यांनी डोळ्यांनीच बस म्हटलं. ती बसली. आम्ही दोघं समोर बसून बघत राहिलो, छताकडे नाही, त्यांच्याचकडे. त्यांनी सावकाश, थांबत थांबत, कप रिकामा केला.

अर्धा कप पोटात गेला असेल. रोज जात होता तेवढाच.